मामाच्या चार बाटल्या

पत्र:
"ताई, मी फोंड्याचा, वय सत्तावीस. जूनपासून पणजीत पाटोवरच्या एका ऑफिसात नोकरी करतो, बसने जातो-येतो. माझे मामा मस्कतला असतात. गणेशचवथीला आले तेव्हा त्यांनी मला चार सेंट दिले: लताफाचं खमरा, रसासीचं हवास, अरमाफचं क्लब दे नुई इन्टेन्स आणि ऊदाच्या तेलाची एक छोटी कुपी. मला वासांची आवड आहे, पण कळत काही नाही. एकदा खमराचे सहा-सात फवारे मारून ऑफिसला गेलो, तर शेजारी बसणाऱ्या सहकारी बाईंनी दुपारी जागाच बदलली. बोलल्या काही नाहीत. आई म्हणते, देवळात यायचं तर ते लावून यायचं नाही. डिसेंबरात बहिणीचं लग्न आहे आणि जानेवारीत मडगावला एका ख्रिस्ती मित्राचं. कुठं काय लावू? की सगळं कपाटात ठेवून देऊ?"
– एक वाचक, फोंडा

उत्तर:
कपाटात ठेवून देऊ नका. चारही वास चांगले आहेत आणि मामांनी ते बॅगेचं वजन मोजत, बाटली फुटू नये म्हणून कपड्यांत गुंडाळून आणले असणार. त्यांचा मान त्या वापरण्यातच आहे. तुमचं चुकलं ते फवाऱ्यांच्या हिशेबात आणि वेळेत, आणि ते सुधारायला एक आठवडा पुरेल.

पण आधी त्या सहकारी बाईंचं. उद्याच त्यांना सरळ विचारा, "त्या दिवशी माझ्या सेंटचा तुम्हाला त्रास झाला का?" एवढंच. उग्र वासाने डोकं उठणं हे नखरे नसतात. ज्यांना मायग्रेन आहे त्यांना असा वास अख्खा दिवस आडवं पाडू शकतो. दम्याच्या माणसाचंही तेच. बऱ्याच जणी संकोचाने बोलत नाहीत, खुर्ची हलवतात. तुम्ही विचारलंत तर त्यांचा संकोच जाईल आणि तुम्हालाही नेमकं काय खुपलं ते कळेल.

सहा-सात फवारे का मारले गेले, तेही सांगते, कारण ही चूक आवड असलेल्यांकडूनच होते. आपलं नाक आपल्याच अंगावरच्या वासाला फार लवकर सरावतं. पंधरा-वीस मिनिटांत वाटतं की उडून गेला, म्हणून माणूस आणखी दोन मारतो. शेजारच्याला मात्र तो पहिल्याइतकाच लख्ख येत असतो. मस्कचे, म्हणजे कस्तुरीसारख्या वासांचे, काही प्रकार तर असे आहेत की काही माणसांच्या नाकाला ते मुळात कळतच नाहीत. तेव्हा स्वतःच्या नाकावर विसंबू नका. महिनाभर घरातल्या कुणाला तरी, आईलाच, निघताना दाराशी विचारा: "हातभर अंतरावरून येतो का?" ती "हो, जरा जरा" म्हणाली की पुरे.

आमच्या आजोबांच्या कानात हिन्याचा फाया असायचा. जाईच्या कळीएवढा कापसाचा बोळा, तेलाने तपकिरी झालेला, कानाच्या वरच्या घडीत खोचलेला. खोलीत त्यांचा वास कधी भरला नाही. गणित शिकवायला ते वहीवर वाकले, की मग तो यायचा, उबदार, किंचित मातकट. त्यांच्या उशीच्या अभ्र्यावर एका बाजूला पिवळट डाग असे आणि आजी तो धुता धुता कुरकुरत असे. वास किती दूर जावा याचं माझं माप तेव्हापासून तेच आहे: वहीवर वाकल्यावर यावा, एवढा.

हे माप मी का धरते तेही सांगते. गेल्या पावसाळ्यात पणजीहून फोंड्याला येत होते. मुसळधार पाऊस, खिडक्या बंद, बस खच्चून भरलेली. एका तरुणाच्या अंगाला व्हॅनिलाचा इतका दाट वास होता की जवळ उभ्या असलेल्या गरोदर बाईने पदर नाकाला लावला तो फोंडा येईपर्यंत. तिला उतरता येत नव्हतं, पुढे सरकायला जागा नव्हती. त्या मुलाला याची कल्पनाही नव्हती, चांगला नीटनेटका मुलगा होता तो. म्हणून प्रसंग कोणता हे बघायच्या आधी एक प्रश्न विचारा: तिथं असं कोण असेल, ज्याला माझ्या शेजारून उठून जाता येणार नाही? बस, लिफ्ट, ऑफिस, बँकेतली रांग, चर्चमधला बाक. तिथं हात आखडता. मोकळा मांडव, समुद्राकाठची रात्रीची पार्टी, तिथं सैल.

आता वासांकडे वळू. बरेच जण या सगळ्याला सरसकट "अरबी कलोन" म्हणतात. पण कलोन हा शब्द जर्मनीतल्या कलोन शहरावरून आला. तिथं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला योहान मारिया फरीना या इटालियन अत्तरकाराने लिंबू-संत्र्याच्या सालींचा हलका, तासा-दोन तासांत उडून जाणारा वास बाजारात आणला. त्यात सुगंधी तेल शेकडा दोन-चार टक्केच असतं. तुमच्या खमरा आणि हवासच्या बाटल्यांवर बघा, ओ दे पार्फम असं लिहिलेलं असेल. त्यात तेल साधारण पंधरा ते वीस टक्के. कुपीतल्या तेलात तर अल्कोहोलच नसतं. म्हणजे कलोन समजून सात फवारे मारायचे आणि बाटलीत असतं पाचपट दाट. एवढं कळलं तरी अर्धा प्रश्न सुटतो.

शिवाय आखाती देशांत हे वास ज्या तऱ्हेने वापरतात ती तऱ्हा वेगळी. दुबई-मस्कतची किनाऱ्याची हवाही उन्हाळ्यात दमटच असते, पण तिथला माणूस एसी घरातून एसी गाडीत आणि गाडीतून एसी ऑफिसात जातो. अंगात लांब, सैल, पांढरा कंदुरा. वास कापडात मुरतो, घामात मिसळत नाही. तुम्ही फोंड्याच्या स्टँडवर बसची वाट बघता, घामाने पाठ भिजते, मग खच्चून भरलेल्या बसमध्ये तासभर. उष्णतेने वास लवकर उठतो आणि लांब पसरतो, गोड वास तर जास्तच. मामांना मस्कतमध्ये जे चार फवारे शोभतात ते तुम्हाला ऑक्टोबरच्या उन्हात दोनच्या वर झेपणार नाहीत.

ऑफिसला हवास. सफरचंद, वेलची, पाणीदार थंडावा आणि खाली किंचित खारट-लाकडी वास. समुद्रकाठच्या हवेत हा खुलतो. आंघोळ करून अंग पूर्ण कोरडं झालं की छातीवर एक, मानेच्या मागे एक, वरून शर्ट. बस. मनगटावर मारून घासू नका, घासल्याने सुरुवातीचा ताजेपणाच मरतो. आणि घामावर फवारा कधीच नको. संध्याकाळी ऑफिसातून परस्पर कुठं जायचं असेल तर आधी तोंड-मान धुवा, बनियन बदला, मग एक. त्या बाई "हवासचाही त्रास होतो" म्हणाल्या, तर ऑफिसला काहीच लावू नका. ताज्या धुतलेल्या शर्टाचा वास कुणाला खुपत नाही.

क्लब दे नुई मधला आहे. पहिली वीस मिनिटं लिंबू-अननसाचा जरा टोकदार झटका, मग तो निवतो आणि धुरकट, भारदस्त होतो. म्हणून हा निघायच्या अर्धा तास आधी लावायचा, दारात उभं राहून नाही. रविवारचं जेवण, मित्राच्या घरची पूजा, बाराशाला जाणं, मुलगी बघायला जाणं, अशा दिवसाच्या कामांना दोन फवारे. मुलाखतीला मात्र एकच, तोही शर्टाखाली.

खमरा तुम्हाला सगळ्यात आवडला असणार, म्हणूनच तो सात वेळा मारला गेला. खजूर, दालचिनी, जायफळ, भाजलेली साखर, व्हॅनिला. नुकतीच भट्टीतून काढलेली बेबिंका, आपली थराथरांची गोड, जशी सगळ्या घराला कळते, तसा. पण बेबिंकासुद्धा कुणी सकाळी नऊ वाजता ऑफिसच्या टेबलावर ठेवत नाही. हा डिसेंबर-जानेवारीच्या रात्रीचा वास आहे, हवेत थोडा गारवा आला, की. तुमच्या मडगावच्या मित्राच्या लग्नाला चर्चमध्ये जाताना क्लब दे नुई लावा, आणि रात्री रिसेप्शनला खमराचे दोन फवारे, एक छातीवर आणि एक कोटाच्या अस्तरावर. नाचणार असाल तर एकच. बँड सुरू झाला की हॉलमध्ये दोनशे जणांचा घाम आणि दोनशे सेंट एकत्र होतात, त्यात तुमची भर कमीच बरी.

ऊदाच्या कुपीवर मात्र मला सविस्तर लिहायचं आहे, कारण ती चारांत सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात जास्त घाबरवणारी. बूच काढून हुंगलंत तेव्हा बहुतेक दचकला असाल: गोठा, कातडं, ओलं लाकूड, औषध, सगळं एकदम. नवख्या नाकाला हे असंच वाटतं. पण हा वास आपल्याला परका नाही. उदबत्ती म्हणजे ऊदाची बत्ती आणि अगरबत्ती म्हणजे अगराची. अरबीत ऊद म्हणजे नुसतं लाकूड, आणि ज्या लाकडासाठी तो शब्द तिकडे रूढ झाला ते आपलं अगर, कृष्णागरू. आपल्या घरांत बाळाला न्हाऊ घातल्यावर धुरीत टाकतात तो ऊद वेगळा, ती झाडाची राळ. नाव प्रवासात एका जिन्नसावरून दुसऱ्यावर बसलं.

अगराचं झाड आसामात वाढतं. निरोगी झाडाच्या लाकडाला वास नसतो. खोडाला जखम होऊन आत बुरशी शिरली की झाड स्वतःला वाचवायला काळपट राळ सोडतं, वर्षानुवर्षं. ती राळ मुरलेलं लाकूड म्हणजे ऊद. याच लोभापायी रानांतली झाडं इतकी तोडली गेली की आसामातल्या जातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९५ पासून सायटीस या, संकटातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या, कराराच्या नियमांखाली आहे. तुमच्या मामांच्या गावी ज्यांची दुकानं दिसतात त्या अजमल कंपनीची सुरुवातही आसामच्या होजाईहून आलेल्या हाजी अजमल अली यांनी १९५१ साली मुंबईत केली. आसामातून मुंबई, मुंबईतून दुबई, आणि तिथून हा वास "अरबी" होऊन आपल्याकडे परत येतो.

हे तेल फवारायचं नसतं, टेकवायचं असतं. बुचाच्या काडीचं टोक एकदाच त्वचेला. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा, खाज किंवा चट्टा आला तर अंगाला नको. नुकत्याच दाढी केलेल्या गालाला तर नकोच. पहिला अर्धा तास त्याच्याकडे दुर्लक्ष करा. गोठा निघून जातो आणि मग जे राहतं, जुन्या देव्हाऱ्याच्या लाकडासारखं, ते रात्रीपर्यंत टिकतं. कुपी मिश्रणाची असेल तरी वाईट वाटून घेऊ नका, बाजारातली बहुतेक तशीच असतात. शुद्ध ऊद तोळ्यावर विकतात, तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्याचा भाव ऐकून मामांनीही हात मागे घेतला असता.

बहिणीच्या लग्नाला मी तुम्हाला हेच लावायला सांगेन. पण कुठं लावायचं ते नीट ऐका, कारण त्या दिवशी तुम्ही पाहुणे नाही आहात. लाजाहोमाला बहिणीच्या ओंजळीत लाह्या तुम्ही घालणार. कानपिळी असेल तर तुमचा हात नवरदेवाच्या कानाशी, म्हणजे नाकापासून चार बोटांवर. म्हणून मनगटाला आणि बोटांना काहीही नको. छातीच्या मध्यावर एक टिपका, मानेच्या मागे केसांच्या खाली एक टिपका, सकाळी कपडे घालायच्या आधी. होमाचं तूप, लाह्या, आंब्याच्या समिधांचा धूर, त्यात ऊद इतका मिळून जातो की वेगळा असा तो कुणाला येणारच नाही. बहीण निघताना गळ्यात पडेल तेव्हा तिला येईल.

रेशमावर मात्र तेल किंवा सेंट पडू देऊ नका. पिवळ्या पीतांबरावर ऊदाचा डाग पडला, की तो जन्माचा. फवाऱ्याची कुठलीही बाटली होमाजवळ किंवा समईपाशी उघडू नका, आत अल्कोहोल आहे, भडका उडतो. दुपारी पंगत वाढायला उभे राहणार असाल तर नवीन काही लावू नका. वरण, खतखतें आणि तुपाचा वास पानावर बसलेल्यांच्या हक्काचा आहे.

देवळाच्या बाबतीत मी तुमच्या आईच्या बाजूने आहे. देवाला वाहायचं फूल आपण आधी हुंगत नाही, हे तिनेच तुम्हाला लहानपणी शिकवलं असेल. गाभाऱ्यात कापूर, चंदन, जाई, मार्चमध्ये सुरंगीचे वळेसर, इतकं काही असतं की नाक मोकळं घेऊन जावं. अबोलीला वास नाही आणि तरीही ती देवीला चालतेच. जत्रेच्या गर्दीतही काही लावू नका. हॉस्पिटलात कुणाला बघायला जाताना, तान्हं मूल असलेल्या घरी आणि मयताच्या घरी, तिथंही नाही.

पावसाळ्याचं एक वेगळं दुखणं असतं. जून ते सप्टेंबर कपडे धड वाळत नाहीत आणि कुबट वासावर सेंट मारला तर दोन्ही मिळून तिसरंच काहीतरी होतं, ते दोन्हींपेक्षा वाईट. आधी कपडे इस्त्रीने कोरडे करा. अरब घरांत बखूर जाळतात, म्हणजे सुगंधी तेलात मुरवलेले लाकडाचे तुकडे निखाऱ्यावर टाकून त्याचा धूर कपड्यांना देतात. आपल्याकडे धुपाटणं आहेच. नारळाच्या करवंटीचा निखारा चांगला फुलू द्या, राख धरली की वर नखाएवढा तुकडा, आणि शर्ट हातभर वर धरून दोन मिनिटं. खिडकी उघडी ठेवा. त्या कपड्यांना मग दिवसभर दुसरं काही लागत नाही.

बाटल्या बाथरूममध्ये किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, उष्णतेने वास आंबतो. खोक्यात घालून कपाटाच्या खालच्या खणात ठेवा. नवीन घ्यायचं झालं तर एका वेळी दोनच वास, एकेका हातावर एकेक. मग दुकानातून बाहेर पडा, चहा घ्या, तासाभराने हुंगा. दुकानात पहिल्या मिनिटाला जो आवडतो तो तासाने तोच राहत नाही. नाक थकलं की लोक कॉफीच्या बिया हुंगायला देतात, त्यापेक्षा स्वतःच्या शर्टाची बाही हुंगा. आणि निम्म्या किमतीत मिळणारी प्रसिद्ध बाटली बाजारात दिसली तर खोक्यावरचा आणि बाटलीच्या बुडाचा बॅच नंबर जुळतो का बघा.

आणखी काही विकत घ्यायची इच्छा असेल तर माझ्या मते पाचवं सेंट अरबी नको. कनौजचं वाळ्याचं अत्तर घ्या, अगदी लहान कुपी. माठात वाळ्याची जुडी टाकलेलं पाणी प्यायला असाल तर तो वास ओळखीचा आहे. एप्रिल-मेमध्ये, जेव्हा हवाससुद्धा जड वाटतो, तेव्हा याचा एक टिपका छातीला लावून बघा. जुने लोक हिना थंडीत आणि वाळा उन्हाळ्यात लावत, ते हवा ओळखून.

आणि मामांना फोन कराल तेव्हा एक निरोप द्या. ओमानच्या दक्षिणेला धोफार प्रांत आहे, सलालाच्या आसपास. तिथल्या झाडांचं लोबान नावाजलेलं आहे, मस्कतच्या बाजारातही मिळतं. पुढच्या चवथीला येताना सेंटऐवजी त्याचे पावशेर खडे आणायला सांगा, हिरवट, पारदर्शक असतील ते. आईच्या हातात द्या. गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या माटोळीखाली आरतीच्या वेळी धुपाटण्यात ते ती स्वतःच घालेल.